कानामागचा वास

"इतक्या लहानपणी याचे टॉन्सिल कुणी काढले हो?" डॉक्टर कोसारांनी विचारलं.

रेल्या माझ्या मांडीवर पाठीची कमान करून किंचाळत होता. जिभेवर लाकडी पट्टी दाबलेली, पाय मी माझ्या गुडघ्यांत आवळून धरलेले, आणि त्या झटापटीत हा प्रश्न इतका सहज आला, की जणू याची टोपी कुठे राहिली असंच कोणी विचारतंय. कुणीच नाही, मी म्हटलं. कोण काढणार? अजून दोन वर्षांचाही नाही तो. त्यांनी बॅटरी पुन्हा आत धरली, या वेळी वाकून, एक डोळा मिटून, कुलपाच्या भोकातून बघावं तसं. "बरं," म्हणाल्या. पट्टी टोपलीत टाकली. मग त्याच्या जबड्याखाली, मानेत, काखेत, जांघेत बोटं फिरवत राहिल्या, कोटाच्या अस्तरात शिरलेलं बटण शोधावं तशा. रेल्याला गुदगुल्या झाल्या, तो रडता रडता हसला, आणि मला त्या क्षणी तो इतका आवडला की मी त्याच्या डोक्यावर ओठ टेकवून ठेवले आणि पुढचं अर्धंमुर्धंच ऐकलं. इतके आजार काढलेल्या पोराच्या मानेत गाठी असायला हव्यात, त्या सांगत होत्या. तुम्हा आयांना गाठी म्हणजे वाईट वाटतं, पण त्या चौक्या असतात, लढाई चालू असली की फुगतात. "आणि याच्याकडे चौकीच नाही." मग खुर्चीत बसून त्यांनी विचारलं, "तुमच्या माहेरी लहानपणीच गेलेले मुलगे आहेत का? आईचे भाऊ? आजीचे?" नाही, मी लगेच म्हटलं, एक मामा आहे, बैलासारखा आहे. "आईला विचारा. नीट विचारा. आणि गुरुवारी त्यांनाच घेऊन या."

आमचे नेहमीचे म्हातारे डॉक्टर द्राक्षांच्या तोडणीला गावी गेले होते, म्हणून या बदलीवर आल्या होत्या. तेही रेल्याच्या घशात कितीदा वाकून बघायचे. लाल आहे, म्हणायचे, आणि औषध लिहून द्यायचे. पाळणाघरातून आजार आणलाय. दात येतायत. दोन्हीकडच्या खिडक्या उघड्या ठेवल्या असतील, वारा लागला. मी घरी जाऊन खिडक्या बंद करायचे. आता बसमध्ये रेल्याला छातीशी बांधून बसले होते आणि मला बंद खिडक्यांचीच चीड येत होती. सप्टेंबर होता, निश शहरातल्या प्रत्येक गॅलरीतून भाजलेल्या मिरच्यांचा धूर येत होता, बसच्या मधल्या वाटेत लाल मिरच्यांची पोती, त्यांवर बसलेल्या बायका. समोरच्या माणसाने जांभई दिली आणि मी पुढे झुकले. खरंच झुकले. त्याच्या तोंडात आत, मागे, काय आहे ते बघायला. त्याने तोंड मिटलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी रेल्याच्या टोपीची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागले. एक शाळकरी पोरगी मैत्रिणीच्या खांद्यावर डोकं टाकून हसत होती, तिच्या घशाच्या दोन्ही बाजूंना ते होते, गुलाबी, ओले, चमकणारे. इतकी साधी गोष्ट. सगळ्या जगाच्या तोंडात आहे आणि मी कधी बघितली नाही. मला रडूही येईना. फक्त पायात मुंग्या यायला लागल्या, आणि उतरून धावत सुटावं असं वाटत राहिलं, कुठे ते माहीत नसताना.

सुरुवातीला तो असा नव्हता. हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगते, जणू कोणी माझ्यावर खोटेपणाचा आरोप केलाय. पहिलं अर्धं वर्ष तो पावासारखा फुगलेला, गुलाबी, दुधाच्या वासाचा होता. शेजारणी थुः थुः करून दृष्ट काढायच्या. मग कान. मग तो कान बरा होतोय तोवर दुसरा. मग छाती, मग इस्पितळ, जिथे त्याच्या पलंगाच्या गजांना मी माझी ओढणी बांधली होती, कारण तिचं टोक तोंडात धरल्याशिवाय तो झोपायचा नाही. मग गुडघा सुजला, कुठे पडला-बिडला नसताना. प्रत्येक औषधानंतर एक चांगला आठवडा मिळायचा आणि त्या आठवड्यात मी सगळं विसरायचे, हे सगळ्यात वाईट. तो बसला बू म्हणायचा, कबुतराला बू म्हणायचा, मला बू म्हणायचा, आणि मी त्याला घेऊन किल्ल्याच्या गवतात लोळायचे, आणि मला वाटायचं संपलं, आता संपलं. त्याच दिवसांत आई यायची, त्याला उचलायची आणि त्याच्या कानामागे नाक खुपसायची. सगळ्याच आज्या नातवंडांचा वास घेतात. पण माझी आई वास घेऊन थांबायची. श्वास धरून. मग त्याला माझ्याकडे देऊन म्हणायची, "संध्याकाळपर्यंत कान वाहील बघ याचा." आणि वाहायचा. द्राश्को, माझा नवरा, सीमेपलीकडे सोफियाला जाणारी बस चालवतो, तो हसायचा, सासूबाईंना हवामान खात्यात घ्या म्हणायचा. मीही हसायचे. रेल्याचा ताप त्याच्या अंगात चढण्याआधी माझ्या आईच्या चेहऱ्यावर चढायचा, हे मला दिसत होतं, आणि मी हसायचे.

बसमधून उतरून घरी जाईपर्यंत माझ्या डोक्यात मामाच फिरत होता. दर वर्षी स्लावाला, घराण्याच्या संताच्या दिवशी, मासे वाढून झाले आणि राकियाचे दोन पेले पोटात गेले, की नायदेनमामा उठून उभा राहतो आणि आपली गोष्ट सांगतो. नायदेन म्हणजे सापडलेला. त्याला आजीने मक्याच्या टोपलीत घालून पहाटे गावाबाहेरच्या चौरस्त्यावर ठेवलं आणि स्वतः आलुबुखाराच्या झाडामागे लपली, कारण पहिला जो वाटसरू दिसेल तो पोराचा कुम होणार, देवासमोर त्याला धरणार, त्याचं नाव ठेवणार. आणि आला कोण, तर सहकारी दूधसंघाची गाडी घेऊन राडोये! "टोपली बघून त्याने ब्रेक मारला," मामा हात पसरून सांगतो, "मागे कॅनवर कॅन आपटले, दूध रस्ताभर! राडोये खाली उतरला, त्याने सूर्याला शिव्या दिल्या, संघाच्या अध्यक्षाला दिल्या, देवाला दिल्या, माझ्या आईला दिल्या, आणि आई झाडामागून बाहेर येऊन म्हणते, कुम, पोराला उचल, थंडी आहे!" सगळं टेबल हसतं. मी कळायला लागल्यापासून हसत आलेय, तोंडात मासा घेऊन, काटा लागेपर्यंत. फक्त आई त्याच वेळी पाव आणायला आत जाते. दर वर्षी. पाव टेबलावर असतानाही.

जिना चढताना माझ्या पायऱ्या चुकल्या. धडधाकट पोराला कोणी मजा म्हणून रस्त्यात ठेवत नाही. पहिल्या पोराला ठेवत नाही. जिच्या हातातून पोरं निसटलीयत तीच बाई पुढचं पोर स्वतःच्या हातातून काढून रस्त्याच्या हवाली करते, म्हणजे ते आपलं नाही, परक्याचं आहे, असं शोधत येणाऱ्या मृत्यूला वाटावं. हे आमच्याकडे कोणालाही कळायला हवं. आम्हाला गोष्ट इतकी हसरी मिळाली होती की कोणी विचारलंच नाही. आणि मामा टिकला. टिकला म्हणून तर उपाय खरा ठरला, गोष्ट बंद झाली, आणि मी डॉक्टरांना म्हटलं, नाही, एक मामा आहे, बैलासारखा.

आई आमच्या गॅलरीत अय्वरसाठी, वर्षभराच्या चटणीसाठी, मिरच्या भाजत होती. दर सप्टेंबरला ती तिचं विजेचं भांडं घेऊन आमच्याकडे येते, तिच्या घरात धूर कोंडतो म्हणून. मी रेल्याला खाली सोडलं आणि तिच्याशेजारी बसून सोलायला लागले. गरम सालं बोटांना चिकटत होती.

"आई, आजीने मामाला रस्त्यावर का ठेवलं होतं?"

"झालं! त्याच्या तोंडून ऐकून पोट भरलं नाही का तुझं?"

"का ठेवलं?"

"तेव्हा ठेवायचे."

"कुणाला ठेवायचे?"

"दुन्या, बिया काढ आधी. बियांसकट टाकतेस, अय्वर कडू होईल, मग तुझा नवरा मला बोलेल."

"डॉक्टर विचारत होत्या, आजीचे मुलगे लहानपणी गेले होते का म्हणून."

"कसली डॉक्टर? ती बदलीची पोर? तिला स्वतःला मूल आहे का एक तरी?" तिने भांड्यातून मिरची काढली, जळकी, आणि तशीच परत आत टाकली. "मी सांगू तुला काय झालंय ते? पोराला देवासमोर धरणारी तुझी ती कुमा. हात जड आहे तिचा. बाप्तिस्म्याला तिच्या हातातली मेणबत्ती विझली, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. कुम बदला म्हणावं. बदलतात लोक, लाज कसली त्यात."

"आई, ती वाऱ्याने विझली. देवळाचं दार उघडं होतं."

"मग मी तरी काय म्हणतेय? त्या दिवसापासूनच वारा बसलाय पोराच्या अंगात!"

मला हसू आलं, आणि त्याच हसण्यात रेल्या रांगत आला, तिच्या गुडघ्याला धरून उभा राहिला, बू म्हणाला. तिने हात एप्रनला पुसले आणि त्याला उचललं. तिचं नाक आपोआप त्याच्या कानामागे गेलं. मी बघत होते. श्वास आत गेला आणि बाहेर आलाच नाही.

"थेंब घाल याला," ती हळू म्हणाली. "आत्ताच घाल."

"तुला हा वास कुठून माहीत?"

तिने त्याला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"माझा कान कधी वाहिला नाही. मामाचा नाही. तू कुणाचा वास घेतलायस, आई?"

भांड्यात मिरची जळून काळी झाली, धूर डोळ्यांत गेला, आणि आम्ही दोघीही झाकण उचलायला हललो नाही. रेल्या तिचे झुमके ओढत होता. मग तिने त्याला माझ्या मांडीवर ठेवलं, अगदी सावकाश, पेला ठेवावा तसं. "नायदेन जिवंत आहे ना," ती म्हणाली. "मग त्याला जगू दे. नावं विचारू नकोस मला." आणि पर्स घेऊन निघून गेली. अर्ध्या सोललेल्या मिरच्या टाकून. आमच्या गावात कोणी मेलं तरी बाई मिरच्या पूर्ण करून मग रडायला बसते.

संध्याकाळी रेल्याचा कान वाहायला लागला.

त्यानंतरचे दिवस मी घरात नुसती फिरत होते. तो झोपला की मी काहीतरी लिहायला घ्यायचे आणि उठायचे, काहीतरी धुवायला घ्यायचे आणि उठायचे. द्राश्को सोफियाहून आला तेव्हा दारातच त्याला म्हटलं, तोंड उघड. तो म्हणाला, अगं, सीमेवर पण आधी पासपोर्ट मागतात. पण उघडलं. मी मोबाइलचा दिवा धरला आणि बघत राहिले, दोन्ही बाजूंना, मोठे, खडबडीत, सिगरेटने काळवंडलेले, किती सुंदर. तो काही विचारणार होता, पण माझा चेहरा बघून तोंड तसंच उघडं धरून उभा राहिला. मग आरशासमोर मी माझे बघितले. माझ्याकडे सगळं होतं. मी पोटातल्या पोराला रक्त दिलं, हाडं दिली, माझी भुवई दिली, डाव्या गालावरची खळी दिली. आणि पहिलं अर्धं वर्ष तो माझ्याच उसन्या ताकदीवर गुलाबी होता, ती संपल्यावर त्याची स्वतःची यायला हवी होती. ती आली नाही. हे डॉक्टर कोसारांनी फोनवर सांगितलं, मी विचारल्यावर, घाईघाईत, मागे कुणाचं तरी मूल रडत असताना. "अजून खात्री नाही," त्या म्हणाल्या. "खात्री नसली तरी तुम्हाला जे वाटतंय ते मलाही वाटतंय. आईशी बोललात?"

आई फोन उचलत नव्हती. गुरुवारी डॉक्टरांनी तुला बोलावलंय, एवढाच निरोप मी लिहून पाठवला. मला तिचा राग येत होता, असा राग की हातातली बशी ठेवताना आवाज व्हायचा. हिला माहीत होतं. मागच्या हिवाळ्यापासून माहीत होतं. मी इस्पितळात गजांना ओढणी बांधत होते आणि ही मला सूप आणून देत होती, आणि हिला माहीत होतं. मग रेल्या कुशीत वळायचा, त्याची गरम टाळू माझ्या हनुवटीखाली यायची, आणि रागाचं टोक कुठेतरी हरवायचं. मला कोणी सांगितलं असतं की तू एक शब्द उच्चारलास तर हा जाईल, तर मी उच्चारला असता का? मी शिकलेली आहे, मला हसू आलं असतं. आणि मी तो शब्द मेले तरी उच्चारला नसता.

गुरुवारी ती आमच्याआधीच दवाखान्यात येऊन बसली होती. काळा कोट, डांबरगोळ्यांचा वास, केस नुकतेच बसवून घेतलेले. माझ्याकडे बघितलं नाही. रेल्याच्या बोटाला बोट लावलं आणि फोन कानाला.

"नायदेन, कुठे आहेस तू? ... कुठे? छपरावर? छपरावर काय मरायला चढलायस!" आणि तिने स्वतःच्याच तोंडावर चापट मारली. "उतर. आत्ता उतर. शिडी नीट धर. ... कौलं उद्या. ... आज ट्रॅक्टर काढायचा नाही. करवतीला हात लावायचा नाही. विहिरीकडेही जाऊ नकोस. ... का म्हणजे? ताई आहे ना मी तुझी? मग मी सांगते म्हणून! ... उतरलास? पाय जमिनीवर आहेत? ... शपथ घे. ... बरं. आता तिथेच राहा."

आत डॉक्टर कोसारांनी तिला खुर्ची दिली. "बसा आजी." ती बसली, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. खिडकीबाहेर कोणीतरी पोती उतरवत होतं. डॉक्टरांनी काही विचारलं नाही, आणि त्यासाठी मी त्यांना जन्मभर मानेन.

"मिलुतिन," आई म्हणाली. आणि थांबली. मान थोडी तिरपी, बाहेर काही कोसळल्याचा आवाज येतो का ऐकत असल्यासारखी. "आणि ब्लागोये."

मिलुतिन तिच्या आधीचा. तिने त्याला बघितलं नव्हतं. छातीत कफ होऊन गेला एवढंच तिला ठाऊक. ब्लागोयेला तिने खांद्यावर वाढवलं. "आई शेतावर. तो माझ्याकडे. दूध पीत होता तोवर असा गोरागोमटा, की गावातल्या बायका त्याला चिमटे काढायच्या. मग कान वाहायला लागला. माझ्या खांद्यावर वाहायचा. शाळेत मुली नाक दाबायच्या, मी म्हणायचे चीज सांडलंय. मग गुडघा. मग छाती." तिने रेल्याकडे बघितलं, माझ्याकडे नाही. "नायदेनला रस्त्याला दिलं त्या दिवशी आई म्हणाली, आता आधीच्या दोघांची नावं या घरात घ्यायची नाहीत. त्यांना हाक मारलीत तर त्यांच्यामागून त्यांना नेणाराही येईल, आणि यालाही ओळखेल. मग नाही घेतली. थडग्यावरचे क्रूसही कोरेच आहेत. नायदेनलासुद्धा माहीत नाही. तो हसतो, मी पाव आणायला जाते." पर्सची कडी तिने उघडली, बंद केली. "मागच्या हिवाळ्यात या बाळाला उचललं आणि मला वास आला. मला तेव्हाच कळलं, डॉक्टरीणबाई. माझ्या पोरीच्याही आधी कळलं."

ती हे डॉक्टरांना सांगत होती. मी रेल्याच्या पायातला मोजा वर ओढत होते, तो वरच होता, तरी ओढत होते.

मग डॉक्टर बोलल्या, सावकाश. रक्तात आजारांशी लढणारी प्रतिपिंडं तयारच होत नाहीत, असा हा दोष. बायकांमधून जातो, बायकांना काही होत नाही, मुलग्यांना होतो, तोही सगळ्यांना नाही. "तुमचे भाऊ नायदेन नशिबाने सुटले."

"नशिबाने?" आई म्हणाली. "आणि ती दुधाची गाडी?"

डॉक्टर हसल्या नाहीत. "गाडीसुद्धा नशिबानेच आली असेल, आजी."

"म्हणजे हे माझ्याकडून आलं."

"तुमच्याकडून, तुमच्या आईकडून, यांच्याकडून. कुणी हाताने दिलेलं नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या की आज रक्त घेऊ, तपासणीत हेच निघालं तर दर महिन्याला, आयुष्यभर, बाहेरून प्रतिपिंडं द्यायची, दुसऱ्या माणसांच्या रक्तातून काढलेली, त्यावर मुलं शाळेत जातात, फुटबॉल खेळतात, टक्कल पडेपर्यंत जगतात. उशीर झाला नाहीये, म्हणाल्या. टक्कल हा शब्द ऐकून मला पहिल्यांदा रडू आलं. रेल्याच्या डोक्यावरचे ते मऊ, ओलसर केस, आणि त्याखाली कधीतरी एक म्हातारा.

बाहेर बाकावर आम्ही नर्सची वाट बघत होतो. आईने मामाला फोन लावला. वाजत राहिला. बंद झाला. तिने पुन्हा लावला. तिचा चेहरा राखेसारखा झाला, आणि मी, जिने मेणबत्ती वाऱ्याने विझली म्हटलं होतं, मी रेल्याला इतकं घट्ट धरलं की तो कुरकुरला. उचल, मी मनात म्हणत होते, मामा, उचल. छप्पर, शिडी, करवत, विहीर, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. उचल ना.

"काय गं ताई!" आवाज एवढा मोठा की समोरच्या बाकावरच्या बाईने मान वर केली. "मुतायला पण जायचं नाही का आता? उभा आहे, अंगणातच उभा आहे. कोंबड्या हसतायत मला."

आईने डोळे मिटले. "बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही बोल."

आणि तो बोलत राहिला. डुकरीणबाई खात नाही म्हणून, शेजाऱ्याने कुंपण हातभर आत घेतलं म्हणून, यंदा आलुबुखार गोड आहे, राकिया चांगली उतरेल म्हणून. आई फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून ऐकत होती, हिवाळ्यात गरम पेला धरावा तशी. दार उघडलं. "रेल्या?" नर्स म्हणाली. "चला आत. दोघीही या, एकीने हात धरा, एकीने पाय. आणि तो फोन बंद करा हो, आजी."

आईने फोनकडे बघितलं. मामा पुन्हा त्या कुंपणाचंच सांगत होता.

"नायदेन," ती म्हणाली, "मला आत जायचंय आता."

"कुठे आत? ताई, झालंय तरी काय तुला?"

"तुला दोन भाऊ होते," ती म्हणाली. "संध्याकाळी येऊन सांगते." आणि तिने स्वतःच्या अंगठ्याने फोन बंद केला, कोट काढून बाकावर टाकला, बाह्या वर केल्या.

"पाय माझ्याकडे दे," ती मला म्हणाली. "लाथा जोरात मारतो हा."